अकरा गावांची मूठ

उधना, सुरत
आषाढ वद्य पंचमी, १९९७

प्रिय मगन,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, ही पहिली भीती. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी मायचं नाव घातलंय, बेबाबाई. तुला राग येईल, येऊ दे, पण मधेच ठेवू नकोस. अर्धं वाचलंस तर मी अर्धाच खरा ठरेन, आणि अर्धं खरं बोलूनच मी इथवर आलोय.

आमच्या खोलीत सात जण राहतो. रात्रपाळीचे चौघं भर दुपारी पालथे पडलेत. मी उंबऱ्यावर पाय बाहेर सोडून लिहितोय. लूमखात्यात काम करतो हे तुला मायकडून कळलं असेल. चोवीस माग एकदम धडधडतात तेव्हा शेजारच्याशीही खुणेनं बोलावं लागतं. मागच्या वर्षी एक धोटा निसटला आणि माझ्या बाजूच्या कारागिराचा डोळा घेऊन गेला. मी तेव्हाही भ्यालो नव्हतो. त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. पण आता टपालवाला गल्लीत वळला की मी दाराआड सरकतो. शेजारच्या दुकानात फोन आहे, त्याची घंटी वाजली की हातातलं सूत तुटतं. कमल, माझी बायको, पहूरला माहेरी आहे. सातवा महिना. पायांवर सूज आलीय, बोट दाबलं तर खड्डा राहतो म्हणे. जळगावच्या डॉक्टरीणबाई रक्तदाब म्हणतात. मीठ बंद केलंय, गोळ्या दिल्यात, कुशीवर झोपायला सांगितलंय. त्या शिकलेल्या आहेत, खरंच सांगत असतील. पण मला दुसरं कारण ठाऊक आहे. ते कमलला माहीत नाही, डॉक्टरीणबाईंना माहीत नाही. ते कारण आपल्या भवानटेक गटाचं आहे.

तू म्हणशील, मेलेला गट कशाला उकरतोस. इथल्या पोरांना मी गटाचं सांगायला गेलो की ती हसतात. त्यांचंही बरोबर आहे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी सरकारनं अकरा गावांभोवती ओढलेली एक रेघ, एवढाच गट. दर निवडणुकीला एक माणूस निवडून धुळ्याला पाठवायचा. लोक रेघेवर जीव लावत नाहीत. पण आपल्या अकरा गावांनी लावला, आणि तो का लावला ते तुझ्या आजीनं, भागाबाईंनी, आपल्याला कितीदा सांगितलं होतं. मी आता तेच पुन्हा लिहितोय, कारण तू हे पत्र पुढं ज्यांना वाचून दाखवशील त्यांतल्या नव्या पोरांना ते ठाऊक नसेल.

बासष्ट साली पहिली निवडणूक झाली. अलीकडून तुझे आजोबा तोतारामबाबा, नदीपलीकडून आंबेवडचे सुकदेव आबा. तोतारामबाबा अकरा मतांनी निवडून आले आणि दोन्ही काठ फाटले. कोणाची तरी कडब्याची गंजी पेटली, पलीकडच्या सासुरवाशिणी माहेरी येईनाशा झाल्या. मग श्रावणात कानबाई आली, रविवारी चौरंगावर नारळ मांडून देवी बसवायची आणि सोमवारी नदीवर बोळवायची. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू आणि डाळ काढायची ही आपली रीत, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. भागाबाईंनी घरच्या मुठी मोजल्या आणि वर एक मूठ जास्तीची टाकली. तोतारामबाबांनी विचारलं, हाई कोनी? त्या म्हणाल्या, “सुकदेवनी. गटमा तो बी शे ना.” एवढंच. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः नदी ओलांडून गेले आणि सुकदेव आबांना हाताला धरून जेवायला घेऊन आले. रोट खाल्ला म्हणजे माणूस भाऊबंद झाला, आता भांडायचं कोणाशी? पुढच्या वर्षी अकराही गावांनी फडक्यात बांधून आपापली सव्वा मूठ पाठवली. तेव्हापासून गटाची कानबाई निवडून आलेल्याच्या घरी बसायची आणि विसर्जनाला तिचा चौरंग पडलेला उमेदवार डोक्यावर घेऊन नदीवर जायचा. बहात्तरच्या दुष्काळात गहू कुठंच नव्हता, तर गावांनी रेशनचा लाल मिलो पाठवला. त्याचे रोट हातात घेतले की भुगा व्हायचे. भागाबाई म्हणायच्या, कानबाईनं तेही मुकाट खाल्लं, तुम्हाला कसलं तोंड वाकडं करायचं.

एकोणऐंशीला नाना निवडून आले. मग निवडणुकाच पुढं पुढं जात राहिल्या आणि तुझे वडील बारा वर्षं आपले सदस्य राहिले. मला आठवतात ते नाना सायकलवरचे. कॅरियरला फाईल, हँडलला भाकरीचं फडकं. एसटी वळली ती त्यांच्यामुळं, शाळेच्या दोन खोल्या त्यांच्यामुळं. आंबेवडच्या वाटेवर नदीत फरशीपूल मंजूर झाला तोही त्यांच्यामुळंच. चार मोठे सिमेंटचे पाईप पात्रात येऊन पडले होते आणि आपण दोघं भर उन्हाळ्यात त्यांच्यात बसून पत्ते खेळायचो. बाप नसलेलं पोर म्हणून नाना मला तुझ्या ताटाशेजारी बसवायचे, आठवतं? बाजरी कापताना तुझा विळा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बसला, तेव्हा मला खांद्यावर घेऊन शिंदखेड्यापर्यंत तेच पळाले होते. त्या बोटावर आडवा वण अजून आहे. पेरावरून सरळ रेघ गेलीय.

एक्क्याण्णव साली गट नव्यानं पाडायचे ठरले. चावडीवर यादी लागली तेव्हा आपल्या अकरा गावांचे तीन तुकडे झालेले. चार एकीकडं, चार दुसरीकडं, आंबेवड धरून तीन तिसरीकडं. भवानटेक हे नावच कुठं नव्हतं. हरकत द्यायची मुदत सोमवारपर्यंत होती, आणि नेमका तो सोमवार कानबाईच्या विसर्जनाचा. नानांनी हरकत लिहून घेतली. गावोगाव माणसं पाठवून दर गावाच्या वेगळ्या पानावर सह्या-अंगठे घेतले. रविवारी दुपारपर्यंत दहा गावांची पानं आली होती. आंबेवडचं राहिलं होतं. तू आणि मी ओट्यावर होतो. रोटाचं दळण चाललं होतं. मीच पुढं होऊन म्हणालो, मी जातो, पाणी असलं तर पोहून जाईन. दळणाऱ्या बायका हसल्या, मला तेवढ्यानंच चढलं. नाना काय म्हणाले तेही तुझ्या कानांवर पडलं होतं. पाणी जास्त असेल तर मागं फिर, दहा गावं पुष्कळ झाली.

मगन, आता इथून पुढचं तुला ठाऊक नाही. कोणालाच नाही.

नदीला पाणी होतं. छातीएवढं असेल, कदाचित जास्त, मी उतरून पाहिलंच नाही. ते चार पाईप बुडाले होते आणि जिथं बुडाले होते तिथं पाणी भोवऱ्यासारखं फिरत होतं. पलीकडच्या काठावर आंबेवडची माणसं उभी होती. एकाच्या हातात फडक्यात बांधलेली सव्वा मूठ होती. तीही अलीकडं येऊ शकत नव्हती. त्यांनी हात हलवले, मी हलवले. पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नव्हते. मी भ्यालो, मगन. ज्याला गावात सगळे उनाड, धाडसी म्हणायचे तो मी पाण्याला भ्यालो, आणि भ्यालो हे सांगायला त्याहून भ्यालो. मागं फिरून ओट्यावरच्या बायकांसमोर काय तोंड घेऊन जाऊ? म्हसोबाच्या निंबामागं बसलो. पिशवीत आंबेवडची मतदारयादी होती, कोरं पान होतं, शाईची डबी होती. यादीतली एक्केचाळीस नावं उतरवली आणि नावांपुढं माझीच बोटं उठवली. आधी अंगठे, मग बाकीची आठ. दहा संपली की पुन्हा पहिल्यापासून. वाटलं, यात वाईट काय? आंबेवडची माणसं तर मुठीसकट समोरच उभी आहेत. नदी आड आली नसती तर त्यांनी दिलेच असते अंगठे. मी फक्त नदीचं काम केलं. हात वाळूनं घासघासून धुतले आणि संध्याकाळी पान नानांच्या हातात दिलं. नानांनी विचारलं, पार गयथा का रे? मी हो म्हणालो. पाठीवर थाप मारून त्यांनी ते पान इतर दहांच्या खाली ठेवलं. सोमवारी चौरंग नदीवर जाण्याआधीच पहिल्या एसटीनं ते स्वतः धुळ्याला निघाले.

सुनावणीत काय झालं ते तुला माहीत आहे. एक्केचाळिसातले दोघं यादीत होते पण दोन वर्षांपूर्वी वारलेले. एक आंबेवडचा शाळामास्तर होता, त्याच्यापुढंही अंगठाच. साहेबानं विचारलं म्हणे, तुमच्याकडं मेलेले अंगठे देतात आणि मास्तर सही विसरतात का? समोर बसलेल्या दुसऱ्या गावांची माणसं हसली. मग भिंग आणून पाहिलं तर सगळी बोटं एकाच माणसाची. एका पानानं बाकीची दहा पानं खोटी ठरली. हरकत फेटाळली. नानांच्या वयाकडं बघून साहेबानं गुन्हा नोंदवला नाही. ते पान त्यांच्याच हातात परत दिलं आणि जा म्हणाला. दहा गावं पुष्कळ झाली असती, मगन. मी अकरावं आणलं म्हणून अकराही गेली.

पुढच्या उन्हाळ्याआधी निवडणूक झाली, तीन तुकड्यांनी तीन माणसं निवडली, फरशीपूल कोणाचाच राहिला नाही. आणि ब्याण्णवच्या श्रावणात तुझ्या घरी शेवटची कानबाई बसली. चारच गावांच्या मुठी आल्या होत्या. सोमवारी सकाळी चौरंग दारात आणला आणि उखर्डूभाऊ आडवे आले. ते तुमच्याच भावकीतले, त्यांचा शब्द म्हणून सगळ्यांना लागला. त्यांनी नानांना तोंडावर विचारलं, नव्या गटात तिकीट मिळावं म्हणून तूच खोटं पान घातलंस ना? काढ ते पान, दाखव आम्हाला. नाना म्हणाले, जाळलं. माणसं खवळली. आंबेवडहून आलेल्यांच्या हातात काठ्या होत्या, तू पाहिल्यास. मग कोणीतरी म्हणालं, त्या दिवशी निंबा गेला होता. मी म्हणालो, गेलो होतो, पण पाणी होतं म्हणून मागं फिरलो, मी काही पान आणलं नाही. हे मी नानांच्या समोर म्हणालो. त्यांच्या हातात ज्या हातानं दिलं तो हात पाठीमागं धरून म्हणालो. उखर्डूभाऊ म्हणाले, मग ठेव कानबाईवर हात.

नानांनी तेवढ्यात काय केलं ते तुला आठवत असेल, कारण त्यानंतर तूसुद्धा त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलंस. ते मधे आले आणि म्हणाले, “पोऱ्याले आन घालू नका. जे शे ते मन्हा माथे.”

सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. मला तो अर्थ सोयीचा होता. आणि मी, नाना अडवत असताना, पुढं होऊन नारळावर हात ठेवला. उखर्डूभाऊंनी शब्द घातले, मी ते म्हणालो. मी केलं असेल तर माझ्यामागं माझ्या घरात दुसरी मूठ पडू नये. मी एकोणीस वर्षांचा होतो. लग्न नाही, पोर नाही, कसली मूठ आणि कसलं काय. वाटलं, स्वस्तात सुटलो. आठ दिवसांत सुरतेची गाडी धरली. इथं आल्यावर कळलं की तुझं आंबेवडला ठरलेलं लग्न मोडलं, नानांच्या घरची कानबाई बंद झाली आणि पारावर ते आले की लोक उठून जातात. प्रत्येक बातमीनंतर मी ठरवायचो की लिहीन. मग पाळी असायची.

पंच्याण्णवला आम्हाला मुलगा झाला. कानबाईला आठ दिवस होते. मायनं लगेच गहू निवडायला घेतले, म्हणाली, यंदा आपल्या घरात दोन मुठी. तो तीन दिवस होता. सुपात निवडलेले गहू तसेच राहिले. माय ते पुन्हा डब्यात ओतत होती त्याचा आवाज मी ऐकला. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यातच गेलं. आता हे तिसरं. माय मला काही विचारत नाही. फक्त म्हणते, मुलगी होऊ दे. का ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही, पण मुलीची मूठ मोजत नाहीत हे तिलाही ठाऊक आहे नि मलाही. आई असून ती माझ्या शपथेतून पळवाट शोधतेय, म्हणजे तिला सगळं कळलंय. कमल पत्रात लिहिते, नाव काय ठेवायचं ते कळवा. मी पाच पत्रांत नाव कळवलेलं नाही. जागा असलो की पाय सुजलेले दिसतात, डोळा लागला की एक्केचाळीस अंगठे दिसतात, आणि त्यांतले दोन मेलेल्यांचे.

आता हे आत्ताच का लिहितो ते सांगतो. मागच्या आठवड्यात माय इथं आली होती. बोलता बोलता म्हणाली की तुझ्या आईनं, कुंदाअक्कांनी, उन्हात घालायला नानांची पेटी उपसली, तर तळाशी एक पान निघालं, नुसत्या अंगठ्यांचं. जाळलं म्हणत होते ते हेच का, असं अक्कांनी विचारलं. नानांनी ते हातातून घेतलं, घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. त्यामा कोनं तरी लेकरू शे.” माय सांगून गेली आणि मी मागासमोर उभा होतो, सूत तुटलं तरी मला कळलं नाही. काठ्या घेतलेल्या माणसांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी त्या दिवशी तिथंच मेलो असतो, हे त्यांना कळलं होतं. मला आज कळलं. मगन, यंदाची कानबाई तुमच्या घरी बसव. नाना नको म्हणतील, तरी बसव. अकराही गावांना निरोप धाड, उखर्डूभाऊंना आणि आंबेवडला आधी, आणि सोमवारी सकाळी चौरंग दारात आला की हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मी तिथं असेन. काठ्या आणल्या तर आणू देत, मी खूप घाबरलोय पण येईन. रविवारी दळणाआधी नानांना माझं एक मागणं सांग, ते स्वतः मागायला माझं तोंड नाही. त्यांनी एक मूठ जास्तीची टाकावी, पहूरला जे जीव धरून आहे त्याच्या नावानं. मुलगा असो की मुलगी. गटाच्या मुठी टाकताना भागाबाईंनी कुठं मोजलं होतं, गावात पुरुष किती नि बाया किती. त्यांनी नाही म्हटलं तर तेही बरोबरच आहे. तरी मी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर जाईन, कारण पडलेला माणूस मीच आहे. आणि कोणी म्हणालं की पोरगा नानांचे उपकार फेडायला खोटं बोलतोय, तर पेटीतलं ते पान काढ. या पत्राच्या खाली मी दहाही बोटं उठवलीत. उजव्या हाताचं मधलं बोट आधी बघ. त्यावर तुझ्या विळ्याची रेघ आहे.

अजूनही म्हणू देशील तर, तुझाच
निंबा